मोलगीला गेलेले नऊ शब्द

मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांनी एक अख्खी कादंबरी आपसांत वाटून घेतली होती, आणि तिच्यातले नऊ शब्द डोंगरात निघून गेले म्हणून ते परत आणायला मी तीन दिवसांची वाट तुडवली होती, असं मी सांगायला लागलो की आमची नातवंडं एकमेकांकडे बघतात. आजोबांनी आज पुन्हा सुरुवात केली, असा त्या बघण्याचा अर्थ. बघोत बापडी. त्यांची आजी कौसा समोर बसलेली असते आणि ती काही 'खोटं आहे' म्हणत नाही. मला तेवढा पुरावा पुरतो.

आमच्या घरात शिकलेलं माणूस एकच, आणि ते मी नव्हे. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीनंतर वडील म्हणाले, गिरधर, आता पुरे, आणि मलाही ते पटलं. मी नंदुरबारला एका मिरचीच्या पथारीवर तोलारी म्हणून लागलो. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोठं मोकळं मैदान. दिवाळी झाली की तिथे ओली लाल मिरची पसरायची, वाळवायची, मग बायकांनी ओळीत बसून देठ खुडायचे आणि मी काट्यावर टोपल्या तोलायच्या. लांबून पाहिलं तर जमिनीवर कुणी लाल लुगडी वाळत घातली आहेत असं वाटावं. जवळ गेलं की शिंका.

कौसा माहेरची ब्राह्मणपुरीची. तिथल्या मुलांच्या शाळेत ती चौथी झाली, पण ओसरीवर बसून. आत मुलगे, बाहेर मुली, आणि गुरुजींचा आवाज जेवढा बाहेर येईल तेवढी विद्या. तिच्यानंतर त्याच ओसरीवर आणखी अकरा मुली बसायच्या. शाळा चालवणाऱ्या बोर्डाचं म्हणणं असं की मुलींची वेगळी शाळा उघडू, पण शिकवायला बाई पाहिजे आणि बाई फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास पाहिजे. लग्न होऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगडी होती आणि सातवीची पुस्तकं होती. मला वाटलं कुणाची तरी राहिली असतील. ती म्हणाली, ही माझीच, मी बाहेरून परीक्षेला बसणार आहे.

पहिल्या खेपेला ती नापास झाली. गणितात नाही, भूगोलात नाही, मराठीत. दोन गुणांनी. कारण साधं होतं. आम्ही घरात बोलणार अहिराणी, बाजारात बोलणार अहिराणी, भांडणार तर अहिराणीतच. पुस्तकातली मराठी आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची, म्हणजे शाळेत आणि कचेरीत. परीक्षेत दहा शब्द दिले होते, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. कौसाला त्यांतले तीन ठाऊक होते.

बोर्डाने सांगून ठेवलं होतं की येत्या जूनपर्यंत बाई मिळाली तर शाळा, नाहीतर ती मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. म्हणजे सदतीस सालची फायनल ही तिची शेवटची संधी होती, आणि ती रंगपंचमीनंतर आठ दिवसांनी धुळ्याला व्हायची होती.

छगन मास्तर म्हणून एक म्हातारे शिक्षक आमच्या गल्लीत राहायचे. ते कौसाला सांजवेळी अर्धा तास शिकवत. त्यांनी एक पुस्तक आणून दिलं. कादंबरी होती, वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेली. वरचं पान फाटलेलं, त्यामुळे नाव काय ते आजही मला माहीत नाही. गोष्ट कोकणातल्या सोळा वर्षांच्या यमुनेची. तिच्या वडिलांचं जहाज समुद्रात हरवतं आणि ती पोर ते शोधायला निघते. मास्तर म्हणाले, शब्दांची यादी पाठ करून शब्द येत नाहीत. हे एक पुस्तक असं वाच की त्यात तुला न कळणारा एकही शब्द उरता कामा नये. मात्र माघ संपताना मला परत दे, मी भाच्याकडे कायमचा राहायला चाललो आहे आणि हे पुस्तक त्याच्या मुलीला कबूल केलं आहे.

आता कौसाला दिवसभर वेळ कुठला. तीही पथारीवर देठ खुडायला यायची. तिने पुस्तक फडक्यात बांधून पथारीवर आणलं, दुपारच्या भाकरीच्या वेळी वाचावं म्हणून. तिथे तापीबाई होती, सगळ्यांत वयस्क, ओळीच्या टोकाला बसणारी. तिने फडकं सोडताना पाहिलं आणि हातातली भाकर खाली ठेवली. कुणाकडून तरी हळदकुंकवाची पुडी मागून आणली, पुस्तकाला दोन बोटं लावली आणि हात जोडून म्हणाली, वाच माय. कौसाने समजावलं की ही पोथी नाही, कादंबरी आहे. तापीबाई म्हणाली, माणसं समोर बसली आणि पुस्तक उघडलं की ती पोथी. आणि पोथी मनातल्या मनात वाचत नसतात.

झालं. दुसऱ्या दिवसापासून बावीस बायका खुडताहेत आणि कौसा मध्ये बसून मोठ्याने वाचते आहे. तिची टोपली रिकामी राहू नये म्हणून प्रत्येकीने आपल्या खुडलेल्या मिरचीतून एक-एक मूठ तिच्या टोपलीत टाकायची, असं त्यांनीच ठरवलं. मी काटा धरणारा माणूस, मला सगळ्यांच्या टोपल्या माहीत. सांगतो, त्या हंगामात सगळ्यांत भरलेली टोपली न खुडणाऱ्या बाईची होती.

आमचा मुकादम भीमसिंग पहिल्या दिवशी ओरडतच आला. काम सोडून हे काय चाललंय म्हणाला. तापीबाईने वर न बघता सांगितलं की पोथी सुरू आहे, जोडे काढ. त्याने काढले. एकदा जोडे काढल्यावर माणसाला ओरडता येत नाही. तो तिथेच उभा राहिला आणि यमुनेने घर सोडलं तिथपर्यंत ऐकून गेला. दुसऱ्या दिवशी तो येताना जोडे हातातच घेऊन आला.

खरी अडचण शब्दांची. पहिल्याच पानावर चौदा शब्द असे निघाले की कौसालाही ठाऊक नाहीत आणि कुणालाच नाहीत. मास्तर सांजवेळी अर्थ सांगत, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विसरलेले. शेवटी तापीबाईनेच तोडगा काढला. मिरचीचा ढीग मोठा असला तर आपण काय करतो? वाटून घेतो. मग हाही ढीग वाटून घ्या. अडलेला शब्द जिला आधी उमगेल तो तिचा. तिने तो सांभाळायचा, रोज एकदा बोलण्यात आणायचा, आणि दुसरीला तो पाहिजे असेल तर तिने मालकिणीला विचारून वापरायचा. विचारल्याशिवाय दुसरीचा शब्द तोंडात घ्यायचा नाही, जशी कुणी दुसरीच्या चुलीतली लाकडं न विचारता ओढत नाही.

नवापूरच्या डोंगरातली मंगळीबाई त्यात सगळ्यांना पुरून उरली. ती आणि तिचा नवरा पौलस ख्रिस्ती होते. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं, पण मिशनच्या देवळात दर रविवारी पाळकाचं शुद्ध मराठी ऐकून तिच्या कानांत काय काय साठलं होतं. पुस्तकात 'तारू' आलं. मंगळीबाई म्हणाली, तारू म्हणजे मोठी नाव, महापुरात सगळी जनावरं ज्यात भरली होती ती. पुढे 'विपुल' आलं, तेही तिलाच. 'अरण्य' आलं, तेही. शेवटी बाकीच्या बायका कुरकुरायला लागल्या की हिला बाजूला बसवा.

'ओहोटी' मात्र तिलाही येईना. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला होता? तापीला पूर येतो आणि पूर ओसरतो, पण रोज दोनदा पाणी आत-बाहेर करतं हे कुणाला पटेना. भीमसिंग म्हणाला की लेखकाने थाप मारली आहे. तापीबाईने विचार केला आणि म्हणाली, माझी सून माहेरी जाते आणि परत येते तसं असेल. जाताना घर ओकं होतं आणि येताना भरतं. शब्द तिला मिळाला.

तिला 'उद्विग्न'ही मिळाला होता आणि तो रोज एकदा वापरायचाच होता. त्यामुळे मिसरी संपली की ती उद्विग्न, ऊन चढलं की उद्विग्न. भीमसिंग बरेच दिवस आशाळभूतपणे उभा राहायचा. एके दिवशी त्यालाही 'विलंब' मिळाला. तेव्हापासून पथारीवर 'हात चालवा' ही आरोळी बंद झाली आणि 'विलंब करू नका' सुरू झाली. शेजारच्या पथारीवरचे हमाल थांबून ऐकायचे.

आणि रडण्याची तर गंमतच. यमुनेला वाटतं की वडील गेले, ते प्रकरण आलं, तेव्हा बावीसही जणींच्या डोळ्यांतून पाणी. आता मिरचीच्या ढिगात बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर कुणाला विचारणार? भीमसिंगही डोळे पुसत होता. खाट, म्हणजे ठसका, चांगली म्हणाला यंदा मिरचीची. मी पाठ फिरवून डोळे पुसले, कारण मी काट्यापाशी लांब उभा होतो आणि वारा उलट्या दिशेने होता.

त्या बावीसजणींत मोलगीची हिरीबाई होती. हिरी वयाने लहान, विशीच्या आतली, डोंगरातून हंगामापुरती आलेली. ती घरी तिची बोली बोलायची, पथारीवर आमच्यासारखी अहिराणी बोलायला शिकली होती, आणि हे पुस्तकी मराठी म्हणजे तिसरी भाषा. तिला शब्द मिळाला की ती एका सुतळीला गाठ मारायची. माघ संपेपर्यंत तिच्या सुतळीला नऊ गाठी झाल्या.

कौसाने आमच्या खोलीची आतली भिंत वहीसारखी केली होती. कोळशाने सगळे शब्द लिहिलेले, दोनशे सात, आणि प्रत्येकापुढे मालकिणीची खूण. तापीबाईची काठी, मंगळीबाईची नाव, हिरीची गाठ. यमुनेला वडील सापडले, पुस्तक संपलं, तापीबाईने नारळ फोडून पोथीची सांगता केली, मास्तर पुस्तक घेऊन भाच्याकडे गेले. भिंत राहिली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. होळीच्या पाच दिवस आधी कौसा दिवसभर ब्राह्मणपुरीला गेली होती. मला वाटलं, सण आला, बिचारी अभ्यासात आहे, आपण घर पोतारून ठेवू. पांढरी माती कालवली, भिंती अशा पोतारल्या की आरशासारख्या. सगळ्या भिंती. माझं लक्ष कामात होतं आणि काम मनापासून केलं की माणूस भिंतीवर काय आहे ते बघत नाही.

संध्याकाळी ती आली. दारातच थांबली. आत आली, भिंतीपाशी खाली बसली. तिने बोटाने पांढरी माती जराशी खरवडून पाहिली. खाली काही नव्हतं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. बोट पदराला पुसून म्हणाली, "भिंत गंज बेस दिसी ऱ्हायनी," म्हणजे भिंत फार छान दिसते आहे.

मी सकाळी तोंड लपवत पथारीवर गेलो. कौसा मात्र ताठ गेली आणि ओळीत उभी राहून जे झालं ते सांगितलं. बायका आधी माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या. मग तापीबाईने पहिला शब्द टाकला. तिच्यामागून जसोदाबाई, मग मंगळीबाई, एकेक करून सगळ्यांनी आपापला वाटा कौसाच्या ओंजळीत परत ओतला. अर्थासकट, पुस्तकात तो कुठे आला होता त्यासकट. मी वाण्याकडून चार कागद आणून दिले, ती लिहीत गेली. दुपारपर्यंत एकशे अठ्ठ्याण्णव शब्द झाले. नऊ उरले.

"हिरी कथी शे?" कौसाने विचारलं.

हिरी आठ दिवसांपूर्वीच होळीसाठी मोलगीला निघून गेली होती. डोंगरातलं माणूस होळीला खाली थांबत नाही, कितीही काम असो.

वाचणारी कौसाच ना, मग तिला ते नऊ आठवायला नकोत? असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटलं. पण हिरीचा शब्द न विचारता बोलायचा नाही हा नियम सगळ्यांनी इतका पाळला होता की कुणाच्या जिभेवर तो बसलाच नव्हता. कौसा म्हणाली, शब्द आठवत नाही, हिरी तो म्हणताना कशी हसायची ते आठवतं. आणि मागच्या खेपेला दोनच गुण कमी पडले होते. नऊ शब्दांत दोन गुण असू शकतात.

मी भीमसिंगकडे रजा मागायला गेलो. कशाला म्हणाला. म्हटलं, मोलगीहून शब्द आणायचेत. दुसरा मुकादम असता तर मला दवाखाना दाखवला असता. हा म्हणाला, "मग उभा कसाले? विलंब करू नको."

तापी नावेने ओलांडली, तळोद्यापर्यंत एका बैलगाडीने घेतलं, अक्कलकुव्याला मुक्काम, आणि तिथून पुढे दीड दिवस पायी, वर आणि आणखी वर. होळीच्या आदल्या संध्याकाळी मी हिरीच्या पाड्यावर पोचलो आणि तिच्या बापाच्या, होळ्याच्या, अंगणात कोसळलो. हिरीने पाणी दिलं, ओळखलं आणि विचारलं, कौसावैनी पास झाली का? म्हटलं, परीक्षा व्हायचीय अजून, तुझे नऊ शब्द दे, मी भिंत पोतारली. ती इतकी हसली की शेजारच्या झोपड्यांतून माणसं बाहेर आली.

मग म्हणाली, "मन्हाकडे नहीत ते. वाटी टाकात."

त्यांच्याकडची रीत अशी की खालच्या बाजारातून आणलेली वस्तू एकटीच्या झोपडीत ठेवायची नाही. मीठ आणलं तर सगळ्यांना चिमूट, गूळ आणला तर सगळ्यांना खडा. त्या वर्षी हिरीने मीठ, गूळ आणि नऊ शब्द आणले होते. तिन्ही वाटून टाकले. नुसते शब्द नाहीत, यमुनेची सगळी गोष्टच पाड्याला ठाऊक होती. समुद्र न पाहिलेली ती माणसं मला विचारत होती की त्या जहाजाचं शीड पुढे कुणी शिवलं.

पहाटे होळी पेटली. ढोलांनी डोंगर हलत होता. अंगभर राखेचे ठिपके काढलेले, कमरेला वाळक्या भोपळ्यांच्या माळा बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले गडी फेर धरून नाचत होते. मी डोळे फाडून बघत होतो आणि हिरी मला हाताला धरून ओढत होती, चला, अजून शब्द गोळा करायचेत.

एक शब्द हिरीच्या भावाने कोंबड्याला दिला होता. तो कोंबडा एका पायाने लंगडा आणि दिवसभर आरवणारा, त्यामुळे त्याचं नाव 'विलक्षण'. 'प्रफुल्ल' चार मुलींनी मिळून घेतला होता आणि त्या फेरात नाचत होत्या; त्या थांबेपर्यंत तो मिळणार नव्हता, त्या दुपारी थांबल्या. हिरीच्या आजीकडे 'अथांग' होता. तिने पावसाळ्यातली नर्मदा वरून पाहिली होती, म्हणून दुसऱ्या कुणाला तो द्यायची सोयच नव्हती. 'आप्त' हा शब्द दोन भावांच्या मध्ये पडला होता. दोघे वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि शब्द दोघांनाही हवा होता. हिरीने तो दोघांना अर्धा-अर्धा न देता अख्खाच दिला.

पण दिलेली वस्तू परत मागायची पद्धत तिथे नाही. बदल्यात काही द्यावं लागतं. माझ्याकडे काय होतं? होळ्यानेच मार्ग काढला. शब्द नेतोस तर शब्द दे, तुझ्या घरचे दे. मग मी नऊला नऊ अहिराणी शब्द मोजून दिले. अथांगच्या बदल्यात आजीला 'गंज' दिला, म्हणजे पुष्कळ. ती म्हणाली हा लहान आहे पण कामाचा आहे. त्या दोघा भावांना 'उगामुगा' दिला, म्हणजे मुकाट्याने. 'उगामुगा ऱ्हाय' असं एकाने दुसऱ्याला लगेच म्हणून पाहिलं. वर्षभरातलं त्यांचं ते पहिलं बोलणं. सगळा पाडा हसला, मग ते दोघेही हसले.

होळ्याने स्वतःकडे 'क्षितिज' ठेवला होता. त्याची झोपडी कड्याच्या टोकावर, दारात बसलं की खाली सगळी सपाटी. तो त्याच्या बोलीत जे म्हणाला ते हिरीने मला सांगितलं. म्हणाला, ही वस्तू मी जन्मापासून बघतोय, हिला नाव आहे हे आत्ता कळलं. मी त्याला बदल्यात 'आथा-तथा' दिला, म्हणजे इकडे-तिकडे. त्याने दारातून एकदा आथा पाहिलं, एकदा तथा पाहिलं आणि सौदा मान्य केला.

कागद-पेन्सिल बरोबर घ्यायचं मला सुचलंच नव्हतं, म्हणून परत निघताना हिरीने तिची सुतळी माझ्या मनगटाला बांधली. मी गाठ दाबायचो आणि शब्द म्हणायचो. आठ गाठी बरोबर बोलायच्या. नववी मुकी. अक्कलकुव्यापर्यंत मुकी, तळोद्यापर्यंत मुकी. तापीवर नाव काठाला लागली, माझे पाय चालून सुजलेले, नावाड्याने हात देऊन मला जपून खाली उतरवलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. आमच्या बोलीत असल्या वेळी कुणी काही म्हणत नाही, नुसती मान हलवतो. पण मला काहीतरी म्हणावंसं वाटलं आणि ते तोंडातून आपोआप आलं, "कृतज्ञता." नावाडी म्हणाला, कोण ती? मी म्हटलं, नववी. आणि सुजलेल्या पायांनी पळत सुटलो.

मी घरी पोचलो त्या दिवशी रंगपंचमी होती. कौसाने नऊ शब्द लिहून घेतले, मग माझे पाय गरम पाण्यात सोडले आणि म्हणाली, आता होळी सांगा. मी ती रोज सांगायचो. ढोल, राख, मोरपिसं, कोंबडा, आजी, दोघे भाऊ. ती रोज ऐकायची, आठ दिवस.

धुळ्याला परीक्षा दोन दिवस चालली. मी बाहेर लिंबाखाली. पहिल्या दिवशी ती बाहेर आली आणि तिचा चेहराच सांगत होता की काहीतरी झालंय. दहा शब्द विचारले होते. दहाच्या दहा आले. तापीबाईचे दोन, मंगळीबाईचे तीन, भीमसिंगचा 'विलंब'सुद्धा. वाक्यांत उपयोग करताना तिने सगळ्यांची नावं घातली होती.

"आणि मोलगीचे?" मी विचारलं.

"एकही नहीं विचारा."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. ती हसायला लागली. म्हणाली, थांबा ना, निबंध काय होता ते तर विचारा. निबंध होता, मी पाहिलेला सण.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. परीक्षक पुण्याकडचे, जाड चष्म्याचे. त्यांनी तिचा निबंध समोर ठेवला होता. हे सगळं तिने मला बाहेर आल्यावर सांगितलं, आणि मी तेव्हापासून किती जणांना सांगितलं असेल याचा हिशेब नाही. ते म्हणाले, "आपण मोलगीला होळी पाहायला गेला होता?"

"मी नाही गेले. पहिल्याच ओळीत लिहिलंय की होळी यांनी पाहिली, मी ती यांच्याकडून पाहिली. यांना पाठवलं होतं."

"कशासाठी?"

"नऊ शब्द आणायला."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आणले का त्यांनी?"

"आठ आणले. नववा तापीच्या नावेत सापडला. नऊही निबंधात आहेत, मोजून बघा."

त्यांनी खरंच मोजले म्हणे, बोटाने एकेक ओळ धरून. मग भिंत, पथारी, पोथी, सगळं विचारून घेतलं. पुढच्या मुलीला तासभर बाहेर थांबावं लागलं. शेवटी म्हणाले, बाई, तुमच्या शाळेत कधी आलो तर मलाही एक शब्द द्या.

वैशाखात कार्ड आलं. पास. मी ते कार्ड पथारीवर नेलं, पण हंगाम संपला होता, मैदान रिकामं, तापीबाई तेवढी कोपऱ्यात मिसरी लावत बसलेली. तिला दाखवलं. तिने कार्डाला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाली, आज मी उद्विग्न नाही.

जूनमध्ये ब्राह्मणपुरीला मुलींची शाळा उघडली. अकराच्या अकरा मुली ओसरीवरून उठून आत आल्या. पहिल्याच शनिवारी कौसाने प्रत्येकीला एकेक शब्द सांभाळायला दिला. पथारीवरच्या बायकांकडून तिने आधीच मुभा घेतली होती. मोलगीचे नऊ मात्र ती कुणाला देईना. म्हणाली, ते मी परीक्षेपुरते आणले होते, मुलींना द्यायचे तर विचारलं पाहिजे. पुढच्या होळीला आम्ही दोघे मोलगीला गेलो. या वेळी मला घाई नव्हती, तिला होती. हिरीने तिला पाहिलं आणि दोघी अंगणातच गळ्यात पडल्या. ते दोघे भाऊ एकाच खाटेवर बसून आमच्याकडे बघत होते. पाड्यावर सगळ्यांनी आपापला शब्द द्यायला हो म्हटलं, कोंबड्याच्या वतीने हिरीच्या भावाने.

होळ्या तेवढा आधी दारात जाऊन खालची सपाटी बघून आला. मग त्याने विचारलं, तुमच्या त्या शाळेतून हे डोंगर दिसतात का? कौसा म्हणाली, दिसतात, उत्तरेला, आकाशाला टेकलेले. मग घेऊन जा, तो म्हणाला, पण तुझ्या पोरींना एवढं सांग, त्यांना तिथून जे क्षितिज दिसतं त्याच्यावर मी बसलेलो असतो.

तिने सांगितलं. त्या सोमवारी शाळा भरायच्या आधी अकरा मुली शाळेच्या मागच्या बांधावर ओळीने उभ्या होत्या, उत्तरेकडे तोंड करून, आणि सगळ्या हात हलवत होत्या.